क्लाउडमधील वही व तिची दुसरी प्रत

अग्निविमा उतरविल्यावाचून गोदामात पोते न ठेवणारा, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन ठिकाणी राखणारा, मृगाच्या आधी पत्र्याचा एकेक खिळा तपासून घेणारा आपला व्यापारी बंधू हिशेबाच्या वहीविषयी मात्र अलीकडे कमालीचा निश्चिंत झालेला दिसतो. कारण विचारले असता तो बोट आकाशाकडे करून सांगतो, "आपले सर्व क्लाउडवर आहे." २०२३ सालच्या श्रावणापर्यंत आम्हीही असेच बोट दाखवीत होतो. ते बोट खाली कसे आले आणि त्यानंतर आम्ही कोणती व्यवस्था केली, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावे असा संपादक मंडळींचा आग्रह पडला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे ठोक व्यापारी. संगणकशास्त्रातील अधिकार आम्हांस नाही. तथापि पाय घसरून पडलेला मनुष्य निसरड्या जागेविषयी जे सांगतो, ते कधी कधी विद्वानाच्या सांगण्याहून अधिक उपयोगाचे असते.

पूर्वी दुकानात गादीशेजारी एक संगणक असे व टॅलीची वही त्यातच असे. वीज पडून तो संगणक दोनदा जळाला, तेव्हा आम्ही क्लाउडवर यंत्र भाड्याने घेतले. हे यंत्र म्हणजे डोळ्यांना दिसणारी पेटी नव्हे. मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथे प्रचंड इमारतींत हजारो संगणक ओळीने मांडलेले असतात. त्यांपैकी एकेका मोठ्या संगणकाचे सॉफ्टवेअरच्या योगाने अनेक भाग पाडतात आणि प्रत्येक भाग जणू स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे काम करतो. यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका मोठ्या वखारीत भिंती न घालता नुसत्या खडूच्या रेघा ओढून दहा व्यापाऱ्यांस जागा द्यावी, आणि तरीही एकाचे पोते दुसऱ्याच्या दृष्टीस पडू नये, अशा जातीचा हा प्रकार आहे.

या व्यवस्थेत पुष्कळ सोय आहे, हे आम्ही आजही मानतो. जुलै २०२२ मध्ये कडम धरणावर त्याच्या शक्तीबाहेर पाणी आले व धरणाखालची गावे रिकामी करावी लागली, त्या आठवड्यात आमच्या गोदामाची काळजी आम्हांस होती, वहीची नव्हती. पाणी दुकानात शिरले असते तरी वही मुंबईच्या इमारतीत कोरडी होती. शिवाय असे यंत्र म्हणजे अखेर एक मोठी फाइलच असल्यामुळे त्याचे हुबेहूब चित्र काढून ठेवता येते आणि ते चित्र दुसऱ्या गावी उघडले की तेच यंत्र, त्याच वहीसह, तेथे उभे राहते. लोखंडी पेटीतल्या संगणकास हे इतक्या सहज साधत नाही. परंतु चित्र काढता येते म्हणजे ते कोणी काढलेलेच असते असे नव्हे, आणि काढलेले असले तरी ते कोठे ठेवले आहे हा प्रश्न उरतोच. या दोन वाक्यांतील अंतर समजावयास आम्हांस मोठी किंमत द्यावी लागली.

पर्युषणाचा तिसरा दिवस होता. व्याख्यान आटोपून आम्ही दुकानी आलो, तो मुनीमजी गादीवर न बसता दारातच उभे. "शेठजी, वही उघडत नाही," एवढेच ते म्हणाले. पडद्यावर प्रत्येक फाइलीचे नाव बदललेले होते आणि एक इंग्रजी चिठ्ठी होती : अमुक इतकी रक्कम परदेशी डिजिटल नाण्यात द्या, म्हणजे कुलूप उघडून देऊ. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. ज्या गृहस्थाने हे यंत्र बसवून दिले होते त्यास फोन केला. तो म्हणाला, "काळजी नको, रोज रात्री बॅकअप होतो." यात असत्य काही नव्हते. प्रत रोज रात्री निघत होती. मात्र ती त्याच यंत्राच्या दुसऱ्या कप्प्यात पडत होती, आणि चोराने दोन्ही कप्प्यांस एकच कुलूप ठोकले होते. घराच्या तिजोरीची दुसरी किल्ली त्याच तिजोरीत ठेवण्याचा हा प्रकार. चोर आला कोठून? दूर बसून यंत्र चालविण्यासाठी जे दार ठेवलेले असते ते साऱ्या जगाला उघडे होते, आणि त्याचा पासवर्ड होता दुकानाचे नाव व त्यापुढे एक-दोन-तीन. तो आम्हीच सांगितला होता, कारण तो आमच्या लक्षात राहत असे.

पैसे आम्ही दिले नाहीत. सायबर गुन्ह्यासाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली व शोधाशोध सुरू केली. आमच्या पुतण्याने सहज म्हणून एका पेनड्राइव्हवर वही उतरवून घेतली होती. ती तेवीस दिवसांपूर्वीची निघाली. म्हणजे तेवीस दिवसांचा व्यापार जगात झाला होता, पण वहीत नव्हता.

त्या तेवीस दिवसांची कीर्द पुन्हा कशी उभी केली, हे तपशिलाने सांगण्याजोगे आहे, कारण त्यातच पुढील सर्व योजनेचे बीज आहे. बँकेतून गेलेले व आलेले पैसे पासबुकात सापडले. मंडईत झालेल्या खरेदीच्या तकपट्ट्या बाजार समितीकडे होत्या. सोयाबीनवर कर असल्यामुळे त्याच्या प्रत्येक गाडीचे ई-वे बिल सरकारी पोर्टलवर होते. येथवर सर्व सुरळीत झाले. परंतु सुटी ज्वारी, तूर, मूग यांवर वस्तू व सेवा कर नाही. म्हणून त्यांचे ई-वे बिलही नाही. ज्या मालास करमाफी मिळाली म्हणून आपण आनंद मानतो, त्या मालाची साक्ष सरकारच्या घरीही नसते, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम उमगले. अखेर हमालांच्या मुकादमाची खिशातली डायरी उपयोगी पडली. मजुरीच्या हिशेबासाठी तो रोज किती पोती उचलली हे पेन्सिलीने लिहून ठेवीत असे. त्यावरून कोणत्या दिवशी किती माल बाहेर गेला हे कळले. कोणाकडे गेला हे कळेना.

तेव्हा आम्ही एकेका किराणा दुकानदारास फोन लावून विचारले, "आमचे तुमच्याकडे काय निघते ते तुम्हीच सांगा." साठी उलटलेल्या व्यापाऱ्यास हे वाक्य उच्चारणे किती जड जाते, याची कल्पना सभासद बंधूंस येईल. बहुतेकांनी आपली वही काढून आकडा सांगितला. दोघे तर स्वतः पावत्या घेऊन आले. एकाने कमी सांगितले असावे असे मुनीमजींचे मत आहे. पण तोपर्यंत संवत्सरी होऊन गेली होती, म्हणून आम्ही तो विषय वाढविला नाही. यंत्र बसविणारा गृहस्थही त्या दिवशी मिच्छामि दुक्कडम् म्हणावयास आला होता.

मनाला खरी टोचणी लागली ती निराळ्याच प्रसंगाने. उटनूरकडील एका गोंड शेतकऱ्याने आमच्याकडून बियाण्यासाठी उचल घेतली होती. पोळ्याच्या बाजाराला बैलांचा साज घ्यावयास तो आला तेव्हा त्याने अठरा हजार रुपये भरले होते, असे त्याचे म्हणणे. छापील पावती त्याला दिली असणारच. ती त्याने ठेवली नव्हती. पेनड्राइव्हवरील वहीत मात्र तो ठळक अक्षरांत आमचा देणेकरी होता. त्या वहीवर विश्वास ठेवला असता तर एका प्रामाणिक माणसाकडून एकच रक्कम दोनदा वसूल केल्याचे पाप आमच्या माथी आले असते. आम्ही त्याचे म्हणणे मान्य करून खाते चुकते केले. परंतु अशी दुसरी किती खाती त्या तेवीस दिवसांत असतील, आणि त्यांतील किती जण संकोचाने बोललेही नसतील, हे आम्हांस आजवर ठाऊक नाही. वही हरवली म्हणजे व्यापाऱ्याचेच नुकसान होते असे नव्हे.

पुढे आम्ही या विषयाची चौकशी करू लागलो, तेव्हा मोठमोठ्यांची गत आमच्याहून फारशी निराळी नाही असे दिसून आले. आपला माल न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातो. तेथील एक टर्मिनल मेअर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडून चालविले जाते. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या एका संगणकी रोगाने या समूहाची जगभरची यंत्रे निकामी झाली व न्हावा-शेव्याचे ते टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीच्या जाळ्यात कोणास प्रवेश द्यावयाचा याची यादी सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. प्रत्येकात तीच यादी. एक गेला तर दुसरा आहेच, अशी योजना होती. पण ते सर्व एकमेकांशी अखंड जोडलेले असल्यामुळे रोग एकदमच सर्वांस लागला. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशात. आणि तोही का, तर त्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका यंत्रातील माहिती माणसाच्या हाती विमानाने इंग्लंडला नेली व त्यावरून सारा डोलारा पुन्हा उभा केला. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक नव्याने मांडावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीर सांगितले. आदिलाबादेत वीज गेली की आपण मंडळास शिव्या देतो. घानातील त्या दिवशीच्या भारनियमनाने मात्र एका जागतिक कंपनीची लाज राखली.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. मूळ वहीत जे होते ते तत्क्षणी जिच्यातही होते, ती तिची सावली होय, प्रत नव्हे. मूळ माणूस खड्ड्यात पडला की सावलीही पडते.

दुसरे उदाहरण मुंबईचेच आहे आणि आमच्या मते अधिक बोधप्रद आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी पावणेबाराच्या सुमारास बंद पडले. मुख्य केंद्र बंद पडल्यास काम चालावे म्हणून शेअर बाजाराने चेन्नईस दुसरे केंद्र सज्ज ठेवलेले होते. त्यावर खर्च झालेला होता, माणसे नेमलेली होती, वेळोवेळी चाचण्याही होत असत. असे असूनही त्या दिवशी कारभार चेन्नईस हलविला गेला नाही. दुपारी पावणेचार वाजता मुंबईतच पुन्हा सुरुवात झाली व बाजार पाचपर्यंत चालविण्यात आला. त्यानंतर सेबीने मार्च २०२१ मध्ये नियम केला की, महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास तीस मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करावी आणि पुढील पंचेचाळीस मिनिटांत काम दुसऱ्या केंद्रावरून सुरू करावे. २ मार्च व १८ मे २०२४ या दोन शनिवारी तर दुसऱ्या केंद्रावर जाण्याची तालीम म्हणून प्रत्यक्ष खरीदविक्रीची खास सत्रे घेण्यात आली.

या नियमातील पहिला भाग आम्ही पुनःपुन्हा वाचला. यंत्रे, प्रती, केंद्रे ही सर्व विकत मिळतात. "आता ही आपत्ती आहे, दुसरीकडे चला" हे शब्द कोणी उच्चारावयाचे, हे विकत मिळत नाही. आमच्याच दुकानी पाहा. त्या दिवशी मुनीमजी आमची वाट पाहत दारात उभे राहिले, आम्ही यंत्रवाल्याची वाट पाहिली, यंत्रवाला म्हणाला, "थोडा वेळ थांबून पाहू." दुपार अशीच गेली.

इमारतच जळाल्याचीही उदाहरणे आहेत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक केंद्र जळून खाक झाले. ज्या गिऱ्हाइकांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांतील कित्येकांच्या हाती काहीच उरले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी केंद्रास आग लागली, तेव्हा सरकारी नोकरांची कागदपत्रे ठेवण्याचे सबंध कोठार गेले, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती. याउलट ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या पेन्शन फंडाचे क्लाउडवरील खाते मे २०२४ मध्ये गुगलच्या हातून चुकीने पुसले गेले. दोन ठिकाणच्या प्रती त्याच खात्यात असल्याने त्याही गेल्या. परंतु फंडाने आणखी एक प्रत निराळ्या कंपनीकडे ठेवली होती, तिचा आधार घेऊन सहा लाखांहून अधिक सभासदांची खाती पूर्ववत करता आली.

आपल्या समाजास ही गोष्ट नवी आहे असेही नाही. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्री येथील ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत, एकाच स्थानी राहिली. दर्शन घेणारे दुरून दर्शन घेत. पाने जीर्ण होत चालली होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद व मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी हे पाहिले आणि त्यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रती लिहिण्यास आरंभ झाला. तरीही नवी प्रत मूडबिद्रीबाहेर जाऊ देण्यास तेथील मंडळी राजी नव्हती. लेखनास बसलेल्या एका पंडिताने गुप्तपणे आणखी एक प्रत उतरविली व ती पुढे सहारनपुरास पोहोचली. त्याने केले ते योग्य की अयोग्य, यावर आम्ही बोलणार नाही. एवढे खरे की, गावाबाहेर पडलेल्या प्रतीच्या आधाराने आमच्या वऱ्हाडात, अमरावतीस, प्रा. हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले. १९३९ साली पहिला भाग छापून निघाला आणि पुढे सोळा भागांत ग्रंथ पूर्ण झाला. सोलापूरचे शेठजी आमच्यासारखेच व्यापारी होते. एकाच कोठीत सर्व माल ठेवण्यातील धोका त्यांस कोणी शिकवावा लागला नसेल.

आता आम्ही केलेल्या व्यवस्थेविषयी. आमच्या सूनबाई संगणकाच्या पदवीधर आहेत. इतके दिवस त्यांस दुकानाच्या कामात आम्ही विचारले नव्हते, हीही आमची चूकच. त्या प्रथम म्हणाल्या, "बापूजी, यंत्राचे मग पाहू. किती तासांची नोंद गेली तर तुम्हांला चालेल, आणि किती तास दुकान बंद राहिले तर चालेल, एवढे दोन आकडे आधी सांगा." आम्ही तोऱ्यात म्हणालो, "एक मिनिटही नाही." त्यांनी एक मिनिटाचा खर्च काढून दाखविला, तेव्हा आम्ही आकडा बदलला. पुष्कळ घासाघीस होऊन ठरले ते असे : नोंद अर्ध्या दिवसाहून अधिक जाता कामा नये, आणि काम चार तासांच्या आत सुरू व्हावे. अर्धा दिवस आम्ही का पत्करला, तर बिलबुकाची कार्बन प्रत आता आम्ही सात दिवस फाडीत नाही. अर्ध्या दिवसाची बिले दोन माणसे संध्याकाळपर्यंत पुन्हा चढवू शकतात. प्रत्येकाने हे दोन आकडे आपल्या धंद्याप्रमाणे ठरवावेत. कापसाच्या हंगामात जिनिंगवाल्यास आमचे आकडे परवडणार नाहीत.

वहीची प्रत दिवसातून तीन वेळा निघते : दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाच्या वेळी आणि रात्री. या वेळा निवडण्याचे कारण असे की, कोणी नोंद करीत असताना काढलेली प्रत कधी कधी अर्धवट निघते. सुट्टीत सर्वजण वहीतून बाहेर पडलेले असतात. रात्री वहीबरोबर सबंध यंत्राचेही चित्र काढले जाते. आमचे यंत्र मुंबईस आहे आणि चित्रे हैदराबादेस जातात. ॲमेझॉनने आपले केंद्र मुंबईस २०१६ साली व हैदराबादेस २०२२ साली उघडले, त्यामुळे हे आता सहज शक्य झाले आहे. मायक्रोसॉफ्टची केंद्रे पुणे, मुंबई व चेन्नई येथे २०१५ पासून आहेत. मुंबईस पूर आला तर हैदराबाद कोरडे राहील, एवढा हिशेब आम्हांसही कळतो.

मात्र गावे दोन असून भागत नाही, किल्ल्याही दोन लागतात. हैदराबादचे खाते आम्ही संपूर्ण वेगळे उघडले. त्याचा पासवर्ड निराळा, ज्या मोबाइलवर त्याचा ओटीपी येतो तो निराळा, आणि ते यंत्रवाल्याच्या नव्हे तर पेढीच्या नावावर आहे. पहिले खाते त्या गृहस्थाच्या नावावर होते, हे आम्हांस प्रसंग ओढवल्यावर कळले. सभासदांनी आज घरी जाऊन आपले खाते कोणाच्या नावावर आहे एवढे तरी पाहावे. या दुसऱ्या खात्यात पडलेली प्रत पस्तीस दिवसांपर्यंत कोणासही पुसता येत नाही. चोरास नाही, यंत्रवाल्यास नाही, आम्हांसही नाही. देरासरातील भंडाराच्या पेटीत पैसे टाकता येतात पण वरून काढता येत नाहीत, त्यासारखेच हे समजावे. याखेरीज दर आठवड्यास वहीची एक प्रत साध्या डिस्कवर उतरवून, तार काढून, तिजोरीत ठेवली जाते. घानाचे ते यंत्र आमच्या मनातून जात नाही.

हैदराबादेस दुसरे यंत्र सतत चालू ठेवले तर भाडे जवळजवळ दुप्पट होते. आम्ही ते ठेवलेले नाही. तेथे केवळ चित्रे साठविलेली असतात आणि वेळ आली की त्यावरून यंत्र उभे करावयाचे. साठवणुकीचा खर्च महिन्याला एक क्विंटल ज्वारीच्या किमतीहूनही कमी येतो. जे सभासद प्रायव्हेट लिमिटेड कंपनी चालवितात त्यांस तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे कायद्यानेच बंधनकारक झाले आहे. इतरांसही वस्तू व सेवा कराच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने राखाव्या लागतात. वही चोराने कोंडली ही सबब तेथे किती चालेल, ते वकिलास विचारावे.

हे सर्व एका लाल वहीत लिहिलेले आहे. संगणकात नव्हे, कागदावर. पहिल्या पानावर आपत्ती कोणी जाहीर करावयाची ते आहे : मुनीमजी, ते नसल्यास सूनबाई, त्याही नसल्यास पुतण्या. आमचे नाव तेथे मुद्दाम घातलेले नाही, कारण आम्ही व्याख्यानात असलो तर फोन बंद असतो. अर्ध्या तासात वही उघडली नाही, तर कोणास न विचारता पुढचे पान उलटावयाचे, असा लेखी अधिकार त्यांस दिला आहे. पुढे क्रमाने काय करावयाचे ते आहे, आणि शेवटच्या पानास पासवर्डांचे मोहोरबंद पाकीट डकविलेले आहे. अशीच दुसरी लाल वही यवतमाळास बहिणीच्या घरी आहे. भाऊबीजेस गेलो की पाकीट बदलून येतो.

योजना लिहून झाली तेव्हा आम्हांस वाटले, काम संपले. सूनबाईंनी तालीम घेतली. मुंबईचे यंत्र आहे पण नाही असे मानून हैदराबादेस यंत्र उभे केले. ते पाऊण तासात उभे राहिले, आम्ही टाळ्या वाजविल्या, आणि टॅली उघडेना. टॅलीचा परवाना जुन्या यंत्राशी बांधलेला असतो. नव्या यंत्रावर तो सोडवून पुन्हा जागवावा लागतो आणि त्यासाठी नोंदविलेला ई-मेल लागतो. तो ई-मेल, सांगावयास लाज वाटते, नोकरी सोडून गेलेल्या एका कारकुनाचा होता. त्याचा शोध लागेपर्यंत संध्याकाळ झाली. शिवाय हमालीचा तक्ता त्या यंत्रात कधी नव्हताच. तो पुतण्याच्या लॅपटॉपवर होता. वहीत वरून सारे ठीक दिसत होते, पण तालीम घेतल्यावाचून यातील एकही खोड सापडली नसती.

दुसरी तालीम दोन तास चाळीस मिनिटांत पार पडली. तिसऱ्या वेळी सूनबाई माहेरी गेलेल्या, पुतण्या नागपुरास गेलेला. मुनीमजींनी एकट्याने लाल वही समोर ठेवून, चष्मा पुसून पुसून, एकेक ओळ वाचीत यंत्र उभे केले. त्यांस साडेतीन तास लागले. बासष्टाव्या वर्षी, इंग्रजी अक्षरे जुळवीत, त्यांनी हैदराबादेच्या यंत्रावर पहिले बिल छापून काढले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. ते बिल आम्ही लाल वहीतच डकवून ठेवले आहे. एका ठिकाणी वहीतील ओळ त्यांस समजली नाही, म्हणून ती आता बदलून त्यांच्याच शब्दांत लिहिली आहे.

चौथी तालीम अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी, मृगापूर्वीची मरम्मत सुरू होण्याच्या आत, ठेविली आहे. या वेळी पुतण्या वही वाचणार असून मुनीमजी घड्याळ धरतील. ज्या सभासद बंधूंस पाहावयाचे असेल त्यांनी दुपारी दोन वाजता आमच्या दुकानी यावे. मात्र जेवून यावे, कारण चार तासांच्या आत आम्ही कोणास उठू देणार नाही.